रक्त दाखवलं, पण देह उचलणारे हात कुठं गेले?

छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबानं हाल हाल करून मारलं. तारीख ११ मार्च १६८९. यात शंका नाही, आणि या लेखात औरंगजेबाची वकिलीही नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावं लागतं, कारण ‘छावा’बद्दल कुणी साधा प्रश्न विचारला तरी समोरचा आधी विचारतो, ‘म्हणजे तू औरंग्याच्या बाजूचा का?’ बारामतीच्या चहाच्या टपरीवर, इंदापूरच्या एसटी स्टँडवर, भिगवणच्या मच्छी मार्केटात आपल्या पोरांनी हे ऐकलंय. ऐकून बरेच जण गप्प बसले. गप्प बसायचं कारण नाही. संभाजीराजे कुणाच्या पक्षाची, कुणाच्या सेनेची जहागीर नाहीत. त्यांच्याबद्दल प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यात जास्त कुणाचा असेल, तर त्यांचा देह उचलला असं पिढ्यानपिढ्या सांगत आलेल्या समाजाचा.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ला आला. देशात सहाशे कोटींच्या आसपास गल्ला जमवला. गावोगावहून पोरं टेम्पो, जीप भरून शहराच्या थिएटरला गेली. घोषणा झाल्या, भगवे फडकले. आणि मांडीवरची, बोटाला धरलेली लेकरं रडताना आपण मोबाईलवर बघितली. त्या रडण्याचे व्हिडिओ अभिमानानं फिरवले गेले. सेन्सॉर बोर्डानं या सिनेमाला ‘यूए १६+’ असं प्रमाणपत्र दिलं होतं. म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलांना हे दाखवायचं का, याचा विचार आईबापांनी करायचा. कुणी केला? नखं उपटली जातात, जखमांवर मीठ चोळलं जातं, तापलेल्या सळया डोळ्यांत जातात, जीभ ओढली जाते. आठ-नऊ वर्षांचं पोरगं हे बघून घरी येतं तेव्हा त्याच्या डोक्यात राजाची विद्या, राजाचा राज्यकारभार उरत नाही. उरतो फक्त मांसाचा लगदा, आणि ‘हे कुणी केलं’ या प्रश्नाचं एका शब्दातलं उत्तर. त्या उत्तराचा आजचा पत्ता त्याला कुठला सांगितला जातो? गल्लीच्या टोकाचं पंक्चरचं दुकान.

गुजरातेत भरूचला एका प्रेक्षकानं छळाचं दृश्य चालू असताना थिएटरचा पडदाच फाडला. दारू प्यायलेला होता म्हणतात. असेल. पण न प्यायलेल्यांच्या डोक्यातही तेवढाच राग भरला गेला, त्यांना फाडायला पडदा मिळाला नाही एवढंच. १७ मार्चला नागपूरला दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्या. हे आम्ही म्हटलं असतं तर आम्हाला हिंदूद्रोही ठरवलं असतं. राज्याचा गृहमंत्री सभागृहात उभा राहून सांगतो की सिनेमानं भावना भडकवल्या, आणि त्याच राजवटीचे लोक त्याच सिनेमाचे मोफत खेळ लावतात. विसंगती आहे का ही? मला तर सुसंगती दिसते.

आता इतिहासाचं बघू. फेब्रुवारी १६८९च्या सुरुवातीला संगमेश्वरला मुकर्रबखानानं महाराजांना आणि कवी कलशाला पकडलं. तिथून त्यांना बहादूरगडाला, म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातल्या भीमेकाठच्या पेडगावला आणलं. विदूषकाचे कपडे घालून धिंड काढली. डोळे काढले. पुढं तुळापूर-वढूच्या बाजूला देह छिन्नविच्छिन्न केला. मुघलांच्या बाजूच्या लेखकांनीच हे थोडक्यात नोंदवून ठेवलंय. म्हणजे क्रौर्य खरं. पण त्या त्रोटक नोंदी आणि पडद्यावरचा लांबलचक छळ यांच्यामध्ये जी जागा आहे, ती दिग्दर्शकाच्या कल्पनेनं भरली आहे. कल्पना करायला हरकत नाही. पण मग कल्पनेला कल्पना म्हणा.

इथंच या लोकांची चलाखी पकडायची. सिनेमाचं कौतुक होतं तेव्हा तो ‘खरा इतिहास’, ‘शाळेत लपवलेला इतिहास’ असतो. चूक दाखवली की लगेच उत्तर येतं, हा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरी १९७९ची. एकाच खिशात दोन तिकिटं, जे चालेल ते दाखवायचं. सावंतांच्या लेखणीबद्दल माझा वाद नाही, पण कादंबरी हे ऐतिहासिक साधन नव्हे हे अकरावीच्या पोरालाही कळतं.

आणि संभाजीराजांना बदनाम कुणी केलं होतं? औरंगजेबानं त्यांना मारलं, पण ‘व्यसनी’, ‘बाईलवेडा’, ‘राज्य बुडवणारा’ ही विशेषणं दिल्लीहून आली नाहीत. ती इथल्याच लेखण्यांतून आली. मल्हार रामराव चिटणिसानं राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी बखर लिहिली. त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजीराजांनी कटाच्या प्रकरणात मृत्युदंड दिला होता. त्या बखरीचा सूर पुढं नाटकांनी उचलला. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’वरून पुण्याच्या संभाजी उद्यानात काय झालं ते २०१७ सालच्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलं. सावरकरांनी ‘हिंदुपदपादशाही’त आणि गोळवलकरांनी ‘विचारधन’मध्ये या राजाला नावं ठेवली आहेत, कुणीही उघडून बघावं. हा कलंक पुसला तो वा. सी. बेंद्र्यांनी १९६०च्या चरित्रातून आणि पुढं कमल गोखल्यांनी ‘शिवपुत्र संभाजी’तून, कागद तपासून. ज्यांच्या गुरूंनी या राजाला शिव्या घातल्या, त्यांचे चेले आज त्याच राजाच्या रक्ताचं तिकीट विकतात. आणि ज्या राजानं ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ लिहिला, ब्रज भाषेत रचना केली, तो राजा पडद्यावर बहुतेक वेळ डरकाळी फोडताना दिसतो. लिहिणारा शूद्र राजा यांना अडचणीचा वाटतो, मरणारा चालतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सिनेमा मृत्यूपाशी थांबतो. पण वढू बुद्रुकला गोष्ट तिथून सुरू होते. बादशहाच्या धाकानं देहाच्या तुकड्यांना कुणी हात लावेना, तेव्हा गोविंद गोपाळ महार पुढं आले, त्यांनी तुकडे गोळा केले आणि अंत्यसंस्कार केले, अशी आपली परंपरा सांगते. महाराजांच्या समाधीजवळच गोविंद गोपाळांची समाधी आहे. गावातल्या शिवले घराण्याचीही परंपरा आहे की देह त्यांच्या पूर्वजांनी शिवला. दोन परंपरा आहेत, त्यावर बसून बोलता येईल, कागद काढता येतील. पण तसं झालं नाही. डिसेंबर २०१७च्या अखेरीस वढूत गोविंद गोपाळांच्या नावाचा फलक लागला, तो काढला गेला, २९ डिसेंबरला समाधीच्या छताची मोडतोड झाली, आणि तीन दिवसांनी १ जानेवारी २०१८ला भीमा कोरेगावला निघालेल्या आपल्या लोकांवर दगड पडले. महाराष्ट्राच्या ताज्या इतिहासातला एवढा मोठा हिंसाचार ज्या प्रश्नाभोवती पेटला, तो प्रश्न होता: संभाजीराजांच्या देहाला हात कुणी लावला? आणि सात वर्षांनी त्याच राजावर शेकडो कोटींचा सिनेमा येतो, देहाची प्रत्येक जखम जवळून दाखवतो, आणि त्या प्रश्नाच्या उंबऱ्यावर येऊन दिवे बंद करतो.

‘सिनेमा कुठंतरी संपवावाच लागतो,’ असं कुणी म्हणेल. बरोबर. पण कुठं संपवला यावरून तो कुणाचा आहे ते कळतं. मारणारा मुसलमान इथपर्यंतच गोष्ट सांगितली की ती एका कामाची होते. उचलणारा महार इथपर्यंत नेली की ती दुसऱ्याच कामाची होते. मग प्रेक्षकाला विचारावं लागतं की ज्या हातांनी राजाचे तुकडे उचलले, त्या हातांचं पाणी शंभर वर्षांनी पेशवाईत का चाललं नाही? त्यांच्या गळ्यात मडकं का आलं? या प्रश्नाला सहाशे कोटी मिळत नाहीत.

कुणाच्या आक्षेपाला किती किंमत मिळाली तेही बघा. ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले तर केवढा गदारोळ झाला. मंत्री बोलले, दिग्दर्शक राज ठाकरेंना भेटून आले आणि दृश्य काढलं गेलं. (लेझीम खेळण्यात कमीपणा काय, हे मला अजून कळलेलं नाही. चौदा एप्रिलला आपल्या पोरी रस्त्यावर लेझीम खेळतात तेव्हा त्यांच्या इतकं रुबाबदार कुणी दिसत नाही.) गणोजी-कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी शंभर कोटींच्या दाव्याची भाषा केली, दिग्दर्शकानं माफी मागितली. शिर्क्यांचा आक्षेप वाजवी असेलही. फितुरीबद्दल कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्टिनच्या रोजनिशीचा आधार देऊन वेगळी माहिती मांडली, ब्राह्मण कारकुनांकडं बोट जातं असं सांगितलं. त्यांना काय मिळालं? रात्री फोनवरून जिवे मारण्याची धमकी. सावंतांचं म्हणणं खोडायचं तर मार्टिनची रोजनिशी उघडून खोडा. फोनवरून शिव्या देणं ही कुठली संशोधनपद्धती? आणि गोविंद गोपाळ? त्यांच्या गैरहजेरीची बातमीसुद्धा झाली नाही.

इथं मी आपल्या लोकांनाही चार शब्द ऐकवणार आहे, आवडोत न आवडोत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी मार्चमध्ये फिरतो: महाराजांना मनुस्मृतीतल्या शिक्षांप्रमाणे मारलं, कारण त्यांनी ब्राह्मण मंत्र्यांना मारलं होतं. हा एक तर्क आहे. काही लेखकांनी तो मांडलाय. पण समकालीन कागद त्याला आधार म्हणून कुणी माझ्यासमोर ठेवलेला नाही. तर्क म्हणून मांडायचा असेल तर तर्क म्हणून मांडा, ‘पुरावा’ म्हणून नको. मार्टिनच्या नोंदीतला फितुरीचा मुद्दा वेगळा आणि हा वेगळा. दुसऱ्याच्या कल्पनेला कल्पना म्हणायची तर स्वतःच्याही म्हणायला हवी. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते’ लिहिताना प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण मांडलं आणि मग फोडलं. त्यांच्या नावानं कच्चा माल फॉरवर्ड करणं सोपं आहे.

सेन्सॉर बोर्डाचा तराजू बघायचा तर दोन महिन्यांत आलेले दोन सिनेमे शेजारी ठेवा. ‘छावा’त काही शिव्या गाळायला लावल्या, छळ तसाच राहिला. एप्रिल २०२५मध्ये अनंत महादेवन यांचा ‘फुले’ येणार होता, ११ तारखेला, जोतिबांच्या जयंतीला. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली, सिनेमा २५ तारखेला ढकलला. बोर्डानं त्यात बदल सांगितले: ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, ‘कित्येक वर्षांची’ म्हणा. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदला. त्या दृश्यात रक्ताचा एक थेंब नाही. एक माणूस, कमरेला झाडू, एवढंच. तेवढंही झेपलं नाही. त्याच काळात संध्या सुरी यांच्या ‘संतोष’ला, ज्यात एका दलित मुलीच्या खुनाचा तपास आणि पोलिसी अत्याचार आहे, भारतात प्रदर्शनाची वाट मिळाली नाही. म्हणजे डोळ्यात सळई चालते, कमरेचा झाडू चालत नाही. मुघल सैनिकाचा मार चालतो, भारतीय पोलिसाचा मार चालत नाही. ‘फुले’ ज्यांच्यावर आहे त्या जोतिबांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला होता आणि राजाला कुळवाडीभूषण म्हटलं होतं. त्यांच्याच सिनेमातून ‘पेशवाई’ शब्द खोडला.

मी हिंसा दाखवूच नका म्हणत नाही. आपल्या जगण्यातली हिंसा पडद्यावर यावी म्हणून तर आपण भांडतो. उजनीच्या पाण्याच्या पलीकडं करमाळा तालुका आहे, तिथल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ते करून दाखवलंय. ‘फँड्री’ महाराष्ट्रात लागला तोही १४ फेब्रुवारीलाच, २०१४ साली. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडं येतो. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला मारताना दाखवलेलं नाही. आवाज बंद होतो, लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर चालत जातं. त्या पावलांनी सबंध महाराष्ट्र मुका झाला. थिएटरमधून बाहेर पडताना कुणी कुठल्या धर्माच्या नावानं घोषणा दिल्या नाहीत, कारण मारणारा भाऊ आपल्याच गावातला होता. ज्या हिंसेनं प्रेक्षकाला स्वतःकडं बघावं लागतं ती शांत असते, आणि ज्या हिंसेनं शेजाऱ्याकडं बघायला लावायचं असतं तिला ढोल-ताशे लागतात.

आणि खऱ्या रक्ताचं काय? ‘छावा’ येण्याच्या दोनच महिने आधी, १५ डिसेंबर २०२४ला, परभणीत सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. कायद्याचं शिक्षण घेणारा पोरगा, संविधानाच्या विटंबनेनंतरच्या धरपकडीत उचललेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. त्याच आठवड्यात बीडला मस्साजोगच्या सरपंच संतोष देशमुखांना हालहाल करून मारलं, त्या छळाचे फोटो मार्चमध्ये बाहेर आले. एका दलित वॉचमनला झालेल्या मारहाणीत मध्ये पडलेला मराठा सरपंच. त्या फोटोंत मारणारे हसत होते, आणि मारणारे मुघल नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जखमांवर रडलेले डोळे परभणीच्या जखमांवर कोरडे का राहिले, हे आपल्या मित्रांना विचारा. भांडू नका, विचारा. खर्ड्याचा नितीन आगे आठवतो का? २८ एप्रिल २०१४. कोर्टात साक्षीदार फिरले, २०१७ साली आरोपी सुटले. खर्डा म्हणजे १७९५ साली निजामाविरुद्धची लढाई झाली ते गाव. त्या लढाईत शिदनाक महाराची राहुटी सवर्णांच्या राहुट्यांजवळ नको म्हणून वाद झाला अशी कथा सांगतात. ऐतिहासिक युद्धपट काढणाऱ्यांना छावणीतली ही राहुटी कधी दिसत नाही. किल्ल्यांच्या घेऱ्यात पहारा देणारे महार, मांग, रामोशी, कोळी दिसत नाहीत. हजारो माणसांच्या गर्दीत तलवार घेतलेल्या कुणाची जात दिसत नाही, धर्म तेवढा दिसतो.

अमेरिकेत हे आधी घडून गेलंय. १९१५ साली ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. तंत्र अफाट, युद्धाची दृश्यं भव्य, आणि काळा माणूस म्हणजे गोऱ्या स्त्रीवर टपलेला राक्षस. व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला. त्याच वर्षी आधीच संपून गेलेली कू क्लक्स क्लॅन पुन्हा उभी राहिली आणि पुढं कित्येक वर्षं या सिनेमाचा वापर भरतीसाठी करत राहिली. काळ्यांच्या एनएएसीपी संघटनेनं शहराशहरांत निदर्शनं केली, पत्रकं काढली, स्वतःचे इतिहासकार पुढं आणले. लोकांनी ‘सिनेमाच आहे, सोडा’ असा सल्ला त्यांनाही दिला होता. आपल्याकडं पंतप्रधानांनी २१ फेब्रुवारीला दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून ‘छावा’ची तारीफ केली.

आपल्या मातीचा इतिहास इतका एकरंगी नाही. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि त्याच इंदापुरात चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे. मालोजींनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट मराठेशाहीच्या परंपरेतलीच. आपल्या बारामती तालुक्यातलं सुपं शिवाजीराजांनी संभाजी मोहित्याकडून घेतलं. तो शहाजीराजांचा मेव्हणा, घरातलाच माणूस. संभाजीराजांनी औरंगजेबाच्याच मुलाला, शहजादा अकबराला आसरा दिला. नागोजी माने म्हसवडचे, पण मुघलांच्या बाजूनं लढले. राज्यासाठीचं राजकारण होतं ते. त्याला ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ची चड्डी घालायची म्हटली की अर्ध्या माणसांना पडद्याबाहेर काढावं लागतं. दौंडच्या यवतला १ ऑगस्ट २०२५ला काय झालं ते आपण शेजारून पाहिलं. त्याचा दोष मी एका सिनेमावर टाकत नाही. पण एका पोस्टवर गाव पेटतं तेव्हा सुकलेलं गवत कुणीतरी आधीपासून रचून ठेवलेलं असतं.

तर बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी काय करायचं? बहिष्काराच्या भानगडीत पडू नका, उलट फुकट जाहिरात होते. पहिलं काम, आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा आणि गोविंद गोपाळांबद्दल, वढूबद्दल त्यांनी काय ऐकलंय ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणाकडून ऐकलं, कुठल्या गावात, कधी, हे विचारून लिहून ठेवा. तोंडी परंपरा अशीच साधन बनते, भाषणात नुसती ओरडून बनत नाही. दुसरं, ज्यांच्या घरी महार वतनाचे, इनामाचे जुने कागद पेटीत पडलेत, त्यांनी फोटो काढून ठेवा. वाळवी वाट बघत नाही. तिसरं, पुण्यातल्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथं अर्ज करून अभ्यासकाला बसता येतं. आपली किती पोरं तिथं बसतात? कागद मोडीत आहेत. मोडी सहा महिन्यांत वाचता येऊ लागते, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून आठवड्याला दोन संध्याकाळ काढल्या तरी. इंदापुरातून दोघं आणि बारामतीतून तिघं जरी तयार झाले तरी या पावसाळ्यात वर्ग सुरू करता येईल. जागा विहारात आहेच.

जय भीम.